उकंडरावांची वाटी

उंद्रीच्या उकंडरावांनी उभ्या जन्मात कुणाला तोंडावर 'नाही' म्हटलं नव्हतं. ते काम त्यांनी शिऱ्याच्या वाटीवर सोपवलं होतं.

उकंडराव सोयरिकी जमवत. हा त्यांचा धंदा होता असं म्हणता येणार नाही. धंद्यात माणूस काहीतरी घेतो. उकंडराव घेत काही नसत, फक्त खात. चिखलीपासून खामगावपर्यंत कुणाची पोरगी लग्नाची आहे, कुणाच्या पोराला नोकरी लागली, कुणाची विहीर उन्हाळ्यात टिकते आणि कुणाची फक्त सोयरिकीच्या बोलण्यात टिकते, हे त्यांना तोंडपाठ. तरुणपणी एकदा त्यांनी एका मुलीच्या बापाला "पोराकडच्याईचा नकार हाये" असं सरळ सांगितलं, तेव्हा त्या बापानं गाडीच्या कडेचा दांडका, उभारी, उपसली आणि उकंडरावांना नाल्यापर्यंत पोचवायला आला. नाला ओलांडता ओलांडताच उकंडरावांना युक्ती सुचली. नकार तोंडानं द्यायचाच नाही. मुलगी पाहून झाली की शेवटी शिरा येतोच. मध्यस्थानं वाटी चाटूनपुसून खाल्ली, तर होकार. वाटी तशीच राहिली, तर नकार. कुणी कुणाला बोलायचं नाही. हात धुवायचे आणि पावसापाण्याच्या गोष्टी करत उठायचं.

पद्धत इतकी सोयीची होती की आसपासच्या बारा गावांनी ती उचलली. गावागावांतली भांडणं कमी झाली आणि उकंडरावांचं पोट वाढलं. कारण होकाराची वाटी अर्धी भरून कुणी देत नाही. हंगामात दिवसाला तीन-तीन घरं व्हायची. जायचं दमणीतून, म्हणजे दोन बैलांच्या हलक्या गाडीतून. पुढे हाकायला कचरू, मागे लोडाला टेकून उकंडराव. अलीकडे तर ते पलीकडच्या आळीतसुद्धा दमणीतूनच जात. बैल जुंपेपर्यंत माणूस पायी दोनदा जाऊन आला असता, पण प्रतिष्ठा म्हणून काही गोष्ट असते.

महाराष्ट्र होऊन सहा-सात वर्षं झाली होती, त्या सालची ही गोष्ट. दिवाळीनंतर दमणी सारखी थांबायला लागली.

"आता काऊन थांबवून राह्यले, मालक?" कचरूनं विचारलं.

"उतरतो जरा."

"आत्ताच तं उतरले होते. त्या बोरीपाशी."

"ते बोरीपाशी. हे बाभळीपाशी."

उंद्री ते अमडापूर दोन-अडीच कोस. तेवढ्यात सात झाडं झाली. कचरू स्वभावानं सरळ माणूस, त्यामुळे त्यानं ही गोष्ट फक्त वच्छलाबाईंना सांगितली, आणि वाटेत भेटलेल्या आठ-दहा जणांना. वच्छलाबाई म्हणजे उकंडरावांची बायको. त्यांनी नवऱ्याचं पाणी पिणं महिनाभर पाहिलं होतं. सकाळी भरलेला रांजण दुपारी तळ दाखवत होता. त्या एवढंच म्हणाल्या, "दादांचं बी असंच सुरू झालं व्हतं," आणि आत निघून गेल्या. भांडल्या असत्या तर उकंडरावांना बरं वाटलं असतं.

दादा म्हणजे उकंडरावांचे थोरले भाऊ किसनराव. सात वर्षांपासून ते ओसरीवरच्या खाटेवर होते. बैलाच्या खुरात अडकलेला खडा ज्या माणसाला त्याच्या चालीवरून कळायचा, त्याच्या स्वतःच्या डाव्या तळव्यात बाभळीचा काटा आठ दिवस होता आणि त्याला पत्ता नव्हता. साखरेच्या बिमारीनं पायाची जाणीवच मारून टाकली होती. काटा पिकला, पाय काळा पडला, आणि बुलडाण्याच्या दवाखान्यातून किसनराव परत आले ते डावा पाय तिथंच ठेवून. त्याच दिवाळीला त्यांनी चिखलीहून नवा जोडा करवून आणला होता. त्यातली उजवी चप्पल कुबडीच्या सोबतीनं झिजून संपली. डावी खाटेखाली होती. किसनराव तिला दर महिन्याला तेल लावत.

"उकंड्या, इकडे ये बे," त्यांनी हाक मारली. "किती डाव उतरला गाडीतून?"

"सात."

"मले बी असंच होये. म्हनलं, उन्हाळा हाये. मंग हिवाळा आला तं म्हनलं, हिवाळा हाये. उद्या डॉक्टरकडे जाय."

"उद्या एक सोयरीक हाये, दादा. परवा—"

"परवा म्हनता म्हनता माहा पाय गेला," किसनराव म्हणाले आणि खाटेखाली बोट दाखवलं. "दुसरी चप्पल ठेवाले जागा नाई अठी."

उकंडराव दुसऱ्या दिवशी चिखलीला गेले.

डॉक्टर इंगळे मेहकराकडचा तरुण माणूस. शिकून आपल्याच भागात परतलेला, त्यामुळे लोकांना त्याच्या हुशारीचा थोडा संशय होता. त्यानं काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात उकंडरावांनी बाटलीत आणलेल्या ऐवजाचे आठ थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली.

"निळं राहिलं तर लघवीत साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. पिवळं, नारिंगी, विटकरी असं जसं जाईल तशी जास्त."

मुलगी पाहताना पोराच्या आईच्या तोंडाकडे पाहावं, तसे उकंडराव नळीकडे पाहत होते. निळं गढूळलं आणि बघता बघता हिरवं झालं. कोवळ्या ज्वारीच्या पात्यासारखं.

"चांगला रंग हाये," उकंडराव आशेनं म्हणाले.

"पिकाला," डॉक्टर म्हणाले.

मग उपाशीपोटी बुलडाण्याला जाऊन रक्त देणं आलं. आठवड्यानं त्याचा कागद घेऊन उकंडराव पुन्हा त्याच खुर्चीत बसले.

"काका, तुम्ही बांधावर, धुऱ्यावर उभे आहात," डॉक्टर म्हणाले. "एका बाजूला तुमचं वावर, दुसऱ्या बाजूला बिमारीचं. अजून पलीकडे गेला नाहीत."

"कोन्या बाजूले कललो हावो?"

"पोट जिकडे आहे तिकडे."

उकंडराव म्हणाले, "म्हंजे साखर सोडली का झालं."

"तेवढ्यानं होत नाही. ही बिमारी नुसत्या साखरेनं होत नसते. तुमच्या सख्ख्या भावाला आहे, म्हणजे घराण्यात आहे. ते काही तुमच्या हातात नाही. पोट तुमच्या हातात आहे."

उकंडरावांनी पोटाकडे पाहिलं. ते दोन हातांत मावण्यासारखं नव्हतं.

"बसून बसून आणि वजन वाढून अंगाला साखर जिरवता येईनाशी होते," डॉक्टर सांगत होते. "चालायला लागा. रोज कोसभर, थोडा दम लागेल असं. भाकर खा, पण मोजकी. भाजी, वरण, उसळ जास्त. गोड बंद."

"गूळ चालन?"

"गूळ कशापासून होतो?"

"उसापासून."

"मग?"

"मध तं फुलाईपासून होते."

"काका, वकिली नका करू."

"आन् शिरा?"

"किती खाता?"

"हंगामात तीन वाट्या."

"आठवड्याला?"

"दिवसाले."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "तीन महिन्यांनी परत या," ते म्हणाले. "पोट उतरवलंत, पाय चालवलेत, तर बहुतेक अलीकडेच राहाल. पलीकडे काय असतं ते मी सांगायला नको. तुमच्या ओसरीवर आहे."

उकंडरावांनी ठरवलं. पाय दोन आहेत, दोनच ठेवायचे. अडचण एकच होती. जो माणूस गोड खात नाही, तो बारा गावांत नकार देत फिरतो, हा कायदा त्यांचाच होता.

कायदा करणारा माणूस त्यातली पळवाट आधी शोधतो. पहिल्या घरी उकंडरावांनी सगळ्यांच्या नजरा चुकवून वाटीतला शिरा कोटाच्या खिशात ओतला. वाटी रिकामी, होकार पक्का, पोट निर्दोष. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाई खुंटीवरचा कोट झटकायला गेल्या आणि जोरात किंचाळल्या. कोटावर बाहीपासून खिशापर्यंत मुंग्यांची काळी रांग लागली होती. साखरेच्या बिमारीत माणसानं जिथं लघवी केली तिथं मुंग्या लागतात, हे त्या घराला सात वर्षांपूर्वीच कळलं होतं.

"अवो! बिमारी कोटाले झाली!"

ओसरीवर किसनराव हसून हसून खाटेवर आडवे झाले. खरी गोष्ट कळल्यावर तर ते पुन्हा उठून हसले. "बायकोले फसवलं, सोयऱ्याईले फसवलं," ते म्हणाले, "आता मुंग्याईले फसवून दाखव."

पायी चालण्याचं काम त्याहून अवघड निघालं. अंतराचा काही प्रश्न नव्हता, लोकांचा होता. उकंडराव पायी निघाले की प्रत्येक ओट्यावरून चौकशी व्हायची. बैल मेला का? गाडी मोडली का? घरात वाटण्या झाल्या का? एका म्हातारीनं तर मागून गूळ-पाणी पाठवलं. या सहानुभूतीला कंटाळून त्यांनी रस्ता सोडला आणि धुऱ्याधुऱ्यानं वावरांतून जायला सुरुवात केली. त्यात एक नवल घडलं. वीस वर्षं ज्या विहिरींबद्दल ते छातीठोकपणे सांगत आले होते, त्या त्यांनी पहिल्यांदा वाकून पाहिल्या. दोन विहिरींत पिंपळ उगवला होता.

आणि मग अमडापूरच्या रामरावांचं घर आलं.

मुलगी कोकिळा, रामरावांची लेक, सातवी पास. पोरगा उंद्रीचाच, माणिकरावांचा नारायण, शाळेत मास्तर. जोडा असा होता की उकंडराव नसते तरी जमला असता; पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी माणिकराव आणि नारायण उकंडरावांच्या दमणीत बसून निघाले, आणि दमणीचे मालक मागून पायी. माणिकरावांना लाजेनं मान वर करवेना. कचरूला मात्र फार दिवसांनी एकाही झाडापाशी थांबावं लागलं नाही. उकंडराव वाटेत दोनच झाडांपाशी थांबले, आणि तेही पायी असल्यामुळे कुणाला कळलं नाही.

पोहे झाले. कोकिळा येऊन बसली, दोन प्रश्नांची उत्तरं देऊन गेली. नारायण दाराकडे पाहत राहिला, ती आत गेल्यावरसुद्धा. माणिकरावांनी समाधानानं खाकरून घेतलं. मग शिरा आला.

साखर तेव्हा रेशनच्या कार्डावर मिळे, आणि तीही मोजकी. मनकर्णाबाई, म्हणजे रामरावांची आई, हिनं दीड महिना घरादाराला गुळाचा चहा पाजून ही साखर राखली होती. शिऱ्यावर तूप तरंगत होतं. उकंडरावांच्या पुढची वाटी इतरांपेक्षा मोठी होती. कोट ते घरी ठेवून आले होते.

माणिकरावांनी खाल्लं. नारायणनं काय खाल्लं ते त्याला कळलं नाही. उकंडरावांची वाटी तशीच.

आधी आतला भांड्यांचा आवाज थांबला. मग रामरावांचा चेहरा उतरला: पोराकडचे नको म्हणून राह्यले. त्याच वेळी माणिकरावांचा चेहरा उतरला: पोरीत काहीतरी खोट आहे आणि उकंडरावाला माहीत आहे. नारायणनं बापाकडे पाहिलं. बापानं वाटीकडे पाहिलं. रामराव उगाच म्हणाले, "यंदा पानी कमीच झालं." माणिकराव म्हणाले, "हाव, कमीच." नकाराच्या वेळी बोलायचं ते बोलून झालं होतं. आतून एक हुंदका आला.

उकंडरावांचा हात वाटीपर्यंत गेला. एक वाटी, त्यांनी मनाशी म्हटलं, एका वाटीनं काय होतं? आणि त्यांना आठवलं की गेली वीस वर्षं प्रत्येक वाटी ही एकच वाटी होती. डोळ्यांपुढे खाटेखालची चप्पल आली. हात तिथंच राहिला.

पडदा सरकवून मनकर्णाबाई बाहेर आल्या. वय सत्तरच्या वर, अंगानं काडी, आवाजानं गावभर.

"काय कमी हाये माह्या नातीत?"

"आजी, पोरगी सोन्यासारखी हाये."

"मंग शिरा काऊन सोन्यासारखा नाई? दीड महिना साखर राखली मी. माह्या चहात एक दाना पडू देला नाई. खाय, नाई तं तोंडानं सांग का हाये!"

बारा गावांत आजवर कुणी उकंडरावांना तोंडानं सांगायला लावलं नव्हतं. त्यांनी नाल्याच्या दिशेला एकदा पाहिलं. मग म्हणाले, "आजी, नकार नाई. मले साखर लागून राह्यली."

"लागन नाई तं काय! मोजून टाकली हाये."

"तशी नाई. बिमारीची. डॉक्टरानं नळीत पाह्यलं, हिरवं झालं. अजून धुऱ्यावर हावो. पन माह्या भावाचा पाय गेला हे तुमाले माहीत हाये. मले दोन हायेत. दोनच ठेवाचे हायेत. म्हनून हा शिरा मी खाऊ शकत नाई, आन् पोरगी माह्या बापाले बी पसंत पडली असती."

माणिकरावांनी सुटकेचा श्वास असा सोडला की समोरच्या पोह्यांच्या बशीतली कोथिंबीर हलली. मनकर्णाबाई मात्र उकंडरावांच्या पुढ्यातच बसल्या. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता.

"ह्या बिमारीत काय काय होते बे?"

"तहान लय लागते. उतरा लागते सारखं. काही जनाले तं काहीच होत नाई, आन् तरी असते."

मनकर्णाबाईंनी हळूच मान वळवून आपल्या मुलाकडे पाहिलं. रामराव या वेळी पाण्याचा तिसरा तांब्या संपवत होते. तांब्या त्यांनी पाठीमागे ठेवला.

"रामा, परसात मुंग्या कायच्या असते रे?"

"पावसाच्या," रामराव म्हणाले.

"पाऊस तं कमीच झाला म्हने."

"मामा, डॉक्टरकडे एखाद दिवस जाऊन या," नारायण पहिल्यांदा बोलला. सोयरीक पक्की व्हायच्या आत सासऱ्याला दवाखान्यात पाठवणारा तो अमडापुरातला पहिला जावई असावा.

तेवढ्यात दारात कोकिळा उभी राहिली. डोळे लाल, पण आवाज नीट. "मंग काका, शिरा चालत नाई तं तुमी काय खाल्लं म्हंजे हो समजाचं?"

हा प्रश्न उकंडरावांना वीस वर्षांत पडला नव्हता. त्यांनी उलट विचारलं.

"घरात काय हाये?"

"सकाळची कळण्याची भाकर हाये. अंबाडीची भाजी. कांदा."

"आन."

कोकिळानं भाकर आणली. उडीद मिसळलेल्या ज्वारीची ती काळपट भाकर पाहुण्यांपुढे ठेवताना मनकर्णाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तोंडाला पदर लावला. उकंडरावांनी भाकरीचा अर्धा तुकडा मोडला, कारण मोजकी म्हणजे मोजकी, आणि भाजी दोनदा मागून घेतली. शेवटचा घास घेऊन त्यांनी ताट पुसलं आणि सगळ्यांना दिसेल असं उचलून दाखवलं.

"हो," ते म्हणाले. तोंडानं.

उरलेल्या वाटीवर कचरूनं दमणीतूनच लक्ष ठेवलं होतं. ती वाया गेली नाही.

ही बातमी दमणीच्या आधी उंद्रीला पोचली. महिनाभरात बारा गावांतल्या बायकांनी नवा कायदा मंजूर करून टाकला, कारण साखर कार्डावर आणि अंबाडी धुऱ्यावर. काही पुरुषांनी कुरकुर केली की सोयरिकीत आता काही राम उरला नाही. ते मध्यस्थाच्या सोबत नुसतं खायला जाणारे होते.

तीन महिन्यांनी उकंडराव चिखलीला गेले. सोबत रामराव होते. त्यांना मनकर्णाबाईंनी काठी दाखवून पाठवलं होतं. आधी रामरावांची नळी झाली. ती हिरव्यावर थांबली नाही, पिवळ्यावरही थांबली नाही, थेट कौलासारखी विटकरी झाली. डॉक्टरांनी त्यांना औषध दिलं, बुलडाण्याचा कागद दिला आणि रोज पाय धुऊन बोटांच्या फटी तपासायला सांगितलं. परत जाताना वाटेत रामराव म्हणाले, "बरं झालं तुमी शिरा खाल्ला नाई."

उकंडरावांची नळी दिव्यावर धरली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"उघडा," डॉक्टर म्हणाले.

निळं. उकंडरावांना एका कडेनं जरासं हिरवं वाटलं, पण ते खिडकीतल्या कडुलिंबाचं होतं.

"म्हंजे मी सुटलो?"

"सुटला नाहीत. रक्त पुन्हा पाहू, पण अलीकडच्या बाजूला आहात असं दिसतं. दरसाल नांगरता ना? एकदा नांगरलं म्हणून पुढच्या वर्षी सोडता का? तसं हे. सहा महिन्यांनी परत या."

"शिरा?"

"कोकिळाच्या लग्नात एक चमचा."

"चमचा घरचा आनला तं चालन?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांना घरचे चमचे माहीत होते.

उंद्रीला ओसरीवर किसनराव सकाळपासून उठून बसले होते. त्यांनी लांबूनच विचारलं, "रंग कोन्ता?"

"निळा."

किसनराव खाटेच्या काठावर थाप मारून म्हणाले, "पाय दाखव."

उकंडरावांनी दोन्ही पाय खाटेवर ठेवले. किसनरावांनी ते मांडीवर घेतले, तळवे उजेडाकडे वळवले, एकेका बोटाची फट उघडून पाहिली. वासराला जन्मल्या जन्मल्या पाहतात तसं. काटा नव्हता. मग त्यांची नजर खाली पडलेल्या चपलांवर गेली. रोजच्या चालण्यानं डावीचा तळ पार फाटला होता.

"अशा चपलेनं फिरून राह्यला बे तीन महिने? काटा घुसला असता म्हंजे?" त्यांनी कुबडीनं खाटेखालून सात वर्षांची नवी चप्पल ओढून काढली आणि धोतरानं पुसली. "घाल. तुह्याच मापाची हाये."

"दादा, एकच?"

"मी बी एकच तं घातली."

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडराव उजव्या पायात जुनी आणि डाव्या पायात कोरी, तेल प्यायलेली चप्पल घालून गावाच्या भर रस्त्यानं निघाले. वावरांतून गेले नाहीत. ओट्याओट्यावरून लोक वाकून पायांकडे पाहायला लागले.

"उकंडराव, हे काय हाये?"

उकंडराव थांबले. त्यांनी धोतर जरा वर धरलं.

"पाहून घ्या," ते म्हणाले. "दोन हायेत."